घरी गिटार रेकॉर्डिंग : पाचवी तार घुमते, वरच्या तारा पातळ येतात

सहावीतार
खोली १० बाय १०, स्लॅब साडेनऊ फुटांवर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट, एका बाजूला सरकती खिडकी. घर नाशिकला इंदिरानगरमध्ये, हायवेपासून दोन गल्ल्या आत. ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची) गिटार, वरची पाटी सॉलिड स्प्रूस, तारा १२-५३ जाडीच्या, फॉस्फर ब्रॉन्झ, घालून चार महिने झालेत. माइक ऑडिओ-टेक्निका एटी२०२०, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) स्कारलेट सोलो, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्ये, माइक साउंडहोलसमोर (पोटावरच्या गोल भोकासमोर) वीतभर अंतरावर. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत.

पाचवी तार मोकळी छेडली की ढूम. तिच्यावर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटलाही (मानेवरच्या पट्टीला) तेच. वरच्या सुरांच्या दोन बारीक तारा शेजारच्या खोलीत वाजताहेत अशा येतात. ईक्यूने (खर्ज-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) २०० हर्ट्झच्या खालचं कापलं तर ढूम जातं, पण गिटारची युकुलेले होते. माइक बदलू का?

कॉलेजरोडकर
शुअर एसएम५७ घ्या. १९६५ पासून जगभर चालतोय. तुमचा एटी२०२० कंडेन्सर प्रकारचा, तो खोलीतलं सगळं ओढतो. एसएम५७ डायनॅमिक, तो ओढत नाही. विषय संपला.

खर्जवाला
विषय आत्ता सुरू होतोय. :)

"डायनॅमिक खोली ओढत नाही" हा गैरसमज फार जुना आहे. दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे. सारख्याच अंतरावर ठेवून, पातळी सारखी करून ऐका, खोली जवळपास तेवढीच येते. डायनॅमिक गायकाच्या ओठाला लावलेला असतो म्हणून खोली कमी येते, तो गुण अंतराचा. शिवाय एसएम५७ची संवेदनशीलता एटी२०२० पेक्षा जवळजवळ १९ डेसिबलने कमी. बोटांनी हळू वाजवणार असाल तर गेन (इंटरफेसवर माइकची पातळी वाढवणारं बटण) शेवटपर्यंत पिळावा लागेल आणि इंटरफेसचा सुसकारा ऐकू येईल. जोरकस स्ट्रमिंगला तो छान आहे, या तक्रारीवर औषध नाही.

आता खोली. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून घुमणारी पहिली लहर म्हणजे वेग भागिले लांबीची दुप्पट, ५६.५ हर्ट्झ. ती सोडून द्या, गिटारची सहावी तारच ८२ ला सुरू होते. दुसरी लहर ११३ हर्ट्झ. खोली चौरस, म्हणून पूर्व-पश्चिम ११३ आणि उत्तर-दक्षिणही ११३, एकावर एक चढलेल्या. वर छत साडेनऊ फुटांवर, तिथली दुसरी लहर ११९. पाचवी तार मोकळी ११०. पहिला फ्रेट ११६.५, दुसरा १२३.५. तुमचं ढूम नेमकं याच तीन सुरांवर का, हे आलं लक्षात?

आणि खुर्ची ठेवलीय कुठे, तर बरोबर मध्ये. या ११३ च्या लहरीचा दाब भिंतीपाशी आणि खोलीच्या मध्यावर सगळ्यात जास्त असतो. भिंतीपासून लांबीच्या पावपट अंतरावर, तुमच्याकडे अडीच फुटांवर, तो जवळजवळ शून्य. गिटार तिथे वाजली तर ती लहर उठतच नाही. तेव्हा दोन्ही भिंतींपासून गिटारचं पोट अडीच फूट येईल असं बसा, कोपऱ्याकडे पाठ करून. पाच-सहा इंच इकडे-तिकडे चालतं. उंचीची काळजी नको. साध्या खुर्चीवर बसल्यावर पोट जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर येतं, म्हणजे साडेनऊच्या पावपटीजवळ ते आपसूकच आहे.

सहावीतार
खुर्ची हलवून पाहते. पण ढूम खोलीचं की गिटारचंच, हे ओळखायचं कसं?

खर्जवाला
गच्चीवर जा. तिथे भिंती नाहीत, लहर अडकणार कुठे? त्याच अंतरावर माइक किंवा फोन ठेवून सहाव्या आणि पाचव्या तारेचा एकेक फ्रेट, शून्यापासून पाचव्यापर्यंत, सारख्या जोराने छेडा आणि आवाजाच्या पातळीचं मीटर बघा. मग तेच खालच्या खोलीत. गच्चीवर जे सूर उसळतात ते गिटारचे, फक्त खोलीत उसळतात ते खोलीचे. वारा पडलेला असताना जा, नाहीतर माइकवर भसभस येते आणि आकडे फसवतात.

पंचवटी_एक
वाचतोय. अंड्यांच्या ट्रेवर कोणी बोलेल का? आमच्याकडेही आहेत, ७२ नग.

मांजरपाट
मी बोलते. काढून टाका. ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. वरच्या पट्टीतला थोडा आवाज इकडे-तिकडे पांगवतो, ११० हर्ट्झला तो दिसतसुद्धा नाही. वर धूळ, झुरळं आणि पेटायची भीती. सोलापुरी चादर भिंतीला चापून लावणं हाही त्यातलाच प्रकार: वरची चमक शोषली जाते, खालचं घुमणं तसंच राहतं, आणि खोली आणखी कोंदट वाटते. सहावीतार, वरच्या तारा "शेजारच्या खोलीत" वाटण्यामागे थोडं हेही असणार.

आवाज शोषायला जाडी लागते आणि मागे हवा लागते. घरातलं सगळ्यात उपयोगी शोषक म्हणजे कापसाची जुनी गादी, चार इंच जाडीची, पिंजून घेतलेली असली तर उत्तमच. रबर किंवा कॉयरच्या कडक गादीपेक्षा हीच बरी. भिंतीला टेकवू नका, मागे चार-सहा इंच जागा सोडा.

ती ठेवायची कुठे, तर वाजवणाऱ्याच्या पाठीमागे. बहुतेक जण माइकच्या मागे फोम लावतात. कार्डिऑइड माइक मागून येणारा आवाज मुळातच कमी घेतो, तो समोर बघतो, आणि समोर तुम्ही व तुमच्यामागची भिंत. तुम्ही कोपऱ्याकडे पाठ करून बसणार असाल तर गादी कोपऱ्यात तिरपी उभी करा, मागे त्रिकोणी पोकळी राहील. खुर्चीखाली आणि माइकखाली दुहेरी गोधडी किंवा सतरंजी. दुसरी गादी असली तर सगळ्यात जवळच्या मोकळ्या भिंतीला. एवढं पुरतं. सगळ्या भिंती मढवल्या की गिटार मेल्यासारखी वाजते.

कायमचं करायचं असेल तर रॉकवूल. स्लॅब साधारण १ मीटर बाय ६० सेंटिमीटर, ५० मिलिमीटर जाड, घनता घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो. कोपऱ्यासाठी चार स्लॅब एकावर एक, म्हणजे आठ इंच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात बॉयलर आणि डक्टचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे विचारा, हा माल त्यांच्या रोजच्या वापरातला. लाकडी पट्ट्यांची चौकट, वर मांजरपाट ताणून स्टेपल. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज पार गेली पाहिजे. रेक्झिन चालणार नाही. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

एक मात्र लक्षात ठेवा. यातलं काहीही हायवेचे ट्रक अडवणार नाही. आतला आवाज सुधारणं वेगळं आणि बाहेरचा थांबवणं वेगळं.

कॉलेजरोडकर
मग बाहेरच्याचं काय करायचं?

मांजरपाट
वेळ निवडायची. खिडकी बंद, पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढायचा (आणि गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, म्हणजे परत लावायला विसरत नाही). सोसायटीची पाण्याची मोटर कधी चालते ते वॉचमनकाकांना विचारून ठेवा. ट्रकची घरघर बरीचशी ८० हर्ट्झच्या खाली असते, ती हाय-पासने (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर) जाते. हॉर्न जात नाही, तो टेक परत. गल्लीत सिंहस्थाचं खोदकाम चालू असेल तर मात्र ईश्वरेच्छा.

सहावीतार
गच्चीवर जाऊन आले. पाचव्या तारेचे तिन्ही सूर तिथे अगदी शहाण्यासारखे वाजले, म्हणजे ते खोलीचंच. पण सहाव्या तारेचा तिसरा आणि चौथा फ्रेट गच्चीवरही जरा फुगतो.

खर्जवाला
अगदी अपेक्षित. तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झ, चौथा १०४. ड्रेडनॉटच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा सूर साधारण १०० च्या आसपास असतो, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की येतो तसा. ती हवा साउंडहोलमधून आत-बाहेर करते, आणि तुमचा माइक नेमका तिच्या तोंडाशी. त्यात कार्डिऑइड जवळ नेला की खर्ज आपणहून फुगतो. म्हणजे खोली, गिटार आणि माइक तिघांनी मिळून एकाच ठिकाणी बोट ठेवलंय.

आता माइकची जागा सांगतो, धीराने करा. बाराव्या फ्रेटसमोर, २५ ते ३० सेंटिमीटर. उंची तारांच्या पातळीला. तोंड किंचित पोटाकडे वळवा, मान पोटाला जिथे मिळते तिथे रोखलेलं. एटी२०२० बाजूने ऐकतो, टोकाने नाही. कंपनीचा शिक्का गिटारकडे हवा. उलटा लावलेला माइक ही चूक दिसते त्यापेक्षा फार जास्त होते.

मग बंद हेडफोन घाला, दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवा आणि माइक हातात धरून हळूहळू सरकवा. बाराव्या फ्रेटपासून ब्रिजकडे (पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिकडे) दोन-दोन इंच. साउंडहोलजवळ आलात की भोपळ्यासारखा घुमणारा आवाज. पुढे ब्रिजजवळ गेलात की लाकडी, नाकात बोलल्यासारखा. उलट नवव्या-दहाव्या फ्रेटकडे गेलात की बोटांची चरचर वाढते आणि अंग जातं. मधे कुठेतरी एक जागा अशी लागते की सहाही तारा एका उंचीच्या वाटतात. तिथे थांबा आणि जमिनीवर स्टँडच्या तिन्ही पायांपाशी मास्किंग टेप लावा. खुर्चीच्या पायांपाशीही. पुढच्या आठवड्यात तीच जागा परत मिळेल, नाहीतर दोन टेक जुळणार नाहीत.

अंतराचं गणित: माइक निम्म्या अंतरावर आणला की गिटार ६ डेसिबलने वाढते, खोली आहे तेवढीच राहते. म्हणून खराब खोलीत जवळ आणि चांगल्या खोलीत लांब. १५ सेंटिमीटरच्या आत मात्र वाजवणारा जरा हलला तरी आवाज बदलतो.

पंचवटी_एक
गेन किती ठेवायचा? मी नेहमी लाल लागायच्या जरा आधीपर्यंत नेतो.

खर्जवाला
एवढा नको. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि गाण्यातला सगळ्यात जोराचा स्ट्रम मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलवर येईल असा गेन. तपासताना माणूस हळू वाजवतो आणि रेकॉर्ड लागलं की जोर चढतो, म्हणून ही जागा लागतेच. २४ बिटमध्ये पातळी कमी घेतल्याने काही बिघडत नाही, पण फाटलेला आवाज कोणालाच शिवता येत नाही. एटी२०२० ला ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो. केबल आधी जोडा, मग फँटम चालू करा, काढताना उलटं.

एकतारी
तारांबद्दल कोणीच बोललं नाही. चार महिन्यांच्या तारांवर माइकची जागा शोधणं म्हणजे शिळ्या भाकरीत कुरकुरीतपणा शोधणं. फॉस्फर ब्रॉन्झच्या गुंडाळीत घाम आणि मळ बसला की वरचा किणकिणाट आधी जातो. त्या पातळपणाचं निम्मं उत्तर इथे आहे. नवीन तारा आदल्या दिवशी घाला, हाताने हलकेच ओढून ताणा, तास-दोन तास वाजवा. अगदी ताज्या तारांवर बोट सरकताना चीं-चीं फार होतं आणि सूरही सारखा उतरतो. चीं-चीं जास्तच असेल तर कोटेड तारा.

पिकही (तारा छेडायची चपटी पट्टी) बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या पिकचा स्वतःचा टक-टक आवाज माइकला सुरापेक्षा आधी ऐकू येतो. ०.७ ते ०.९ घ्या आणि तारेला सपाट न लावता थोडं तिरपं धरा. शर्टाचं बटण, जॅकेटची चेन, घड्याळ, बांगड्या, सगळं काढून बसा. आणि प्रत्येक टेकआधी ट्यून करा, कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावल्यावर परत.

मग नाशिकची हवा. गिटारच्या सॉलिड पाटीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे ती केव्हाच ओलांडली जाते: पाटी फुगते, तारा वर उचलल्या जातात, आवाज दमट आणि बसका येतो. तेव्हा केसमध्ये सिलिका जेल, आणि गिटार भिंतीवर न टांगता केसमध्येच. एप्रिलच्या दुपारी बरोबर उलटं: लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, दुर्लक्ष केलं तर पाटीला चीर जाते. तेव्हा भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज, केसमध्ये मानेखाली. डिजिटल आर्द्रतामापक ठेवाच, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने चिखलासारखं करा (विरघळवू नका), मापकासोबत हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के होतात. मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी सांगतो, तेवढे मिळवून वाचा.

कॉलेजरोडकर
हे मिठाचं भारी आहे.

सहावीतार
खुर्ची कोपऱ्याकडे, गादी मागे, माइक बाराव्या फ्रेटला, नवीन तारा. ढूम जवळपास गेलं. पण आता शांत जागी एक बारीक गुणगुण ऐकू येते. आधी ढूममध्ये लपली असावी.

वायरमन
लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. गुणगुण गेली तर चार्जर दोषी. इंटरफेस, लॅपटॉप, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. नाही गेली तर माइकची केबल बदलून बघा आणि ती पॉवरच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

त्यानंतर घराचं अर्थिंग. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये किती व्होल्ट येतात हे वायरमनकडून मोजून घ्या. चार-पाचच्या वर सतत दिसत असतील तर अर्थिंग बघायला हवं. जुन्या वाड्यांत पुष्कळदा तिसऱ्या भोकात वायरच नसते. कोणी सांगेल प्लगची तिसरी पिन तोडा, गुणगुण जाते. जाते, आणि कधीतरी माणूसही जातो. तसंच अर्थ न्यूट्रलला जोडून देणारा "मिस्त्री" भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गिटारमध्ये पिकअप (गिटारचा आवाज थेट वायरीतून देणारा भाग) लावून थेट घेत असाल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर पूर्ण बंद. मधल्या स्पीडला ते कराकरा आवाज टाकतात.

सहावीतार
चार्जरच होता. धन्यवाद दादा!

पंचवटी_एक
पिकअप आणि माइक दोन्ही एकत्र घेतले तर? माझ्याकडे तसं केलं की आवाज पोकळ होतो.

खर्जवाला
कारण पिकअपचा आवाज लगेच पोचतो आणि माइकपर्यंत हवेतून यायला वेळ लागतो. २५ सेंटिमीटरला ०.७३ मिलिसेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ३५ सॅम्पल. पिकअपचा ट्रॅक तेवढा उशिरा सुरू होईल असा सरकवा. मग दोन्ही झूम करून पहिल्या छेडीचं शिखर एका दिशेला आहे का बघा. एक वर आणि एक खाली असेल तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवा. पिकअप जेमतेम ऐकू येईल एवढाच मिसळा.

दोन माइकनाही तीच परीक्षा: मोनो करून (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. दोन सारखे माइक असतील तर टोकं एकावर एक, ९० अंशांत, बाराव्या फ्रेटसमोर फूटभर. फेजची (दोन लहरी एकमेकींना खोडून काढायची) डोकेदुखी नाही. सहावीतार यांच्या सोलोला माइकची वाट एकच आहे, त्यांनी तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकावा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर काही रुंद होत नाही, फक्त मोठं होतं.

सहावीतार
आणि नंतर ईक्यू वगैरे?

मांजरपाट
थोडंच. हाय-पास ७० ला, एकटी गिटार असेल तर त्याच्या वर नको, नाहीतर सहावी तार जाते. सोबत बेस आणि ढोलकी असेल तर १२०-१५० पर्यंत खुशाल न्या. तुमच्या १०० च्या फुगवट्यावर अरुंद कट, ३ डेसिबल. कोंदट वाटलं तर २०० ते ३०० मध्ये २ डेसिबल कमी. १० किलोहर्ट्झच्या वर जरासं उचला, पण बोटांची चरचर वाढली की लगेच मागे या. कंप्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारा) २:१, अॅटॅक (दाबायला सुरुवात व्हायचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, काटा ३ डेसिबलच्या पुढे जायला नको. अॅटॅक फार वेगवान ठेवला की छेडीचं टोकच बोथट होतं. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) शेवटी, तोही असा की बंद केल्यावरच जाणवावा.

सहावीतार
शेवटचा एक प्रश्न. चौथी तार मोकळी वाजवली की मागे झर्रर्र असं काहीतरी येतं, प्रत्येक वेळी. फ्रेटचा आवाज नाही, पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच सूर वाजवला तरी येतं. गच्चीवर येत नाही.

एकतारी
दोन वेगळ्या तारांवर एकाच सुराला येतं आणि गच्चीवर नाही, म्हणजे गिटारमध्ये काही सैल नाही. १४७ हर्ट्झला खोलीतली एखादी वस्तू साथ देते आहे. कोणाला तरी तो सूर वाजवत ठेवायला सांगा आणि एकेका वस्तूला हात लावत फिरा: खिडकीची काच, पडद्याची दांडी, कपाट. हात लावल्यावर आवाज थांबला की सापडली.

सहावीतार
सापडली. कपाटाच्या कुलपात किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. काढून गादीखाली ठेवला.